तेसच्या डब्यातली कोंबडी

"भाऊ, आज जेवायला काय आहे तुमच्याकडे?" शोभनानं विचारलं, आणि रवींद्ररावांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. म्हणजे भाऊ तेच.

लग्नाला पंचेचाळीसच्या वर वर्षं झालेली बायको एके दिवशी आपल्याला भाऊ म्हणायला लागली, तर नवऱ्यानं काय करायचं, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. रवींद्रराव इंगवले पक्के इंजिनिअर. परदेशात येऊन शॉमबर्गच्या एका कंपनीत जन्मभर टेलिफोनची सर्किटं जुळवली, तिथूनच रिटायर झाले. कुठलीही बिघडलेली वस्तू नीट उघडून बघितली की बिघाड सापडतोच, असा त्यांचा विश्वास होता. टोस्टरपासून गराजच्या दारापर्यंत सगळ्यांनी आजवर तो खरा केला होता.

"वरण-भात आहे," ते म्हणाले. "आणि मी तुझा नवरा आहे, शोभना. भाऊ काय म्हणतेस?"

शोभना हसली. गाडीत शेजारी बसलेल्या परक्या पुरुषानं आगाऊपणा केला की बायका जेवढ्यास तेवढं हसतात, तशी हसली, आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसली. वरण-भात तसाच निवला.

झालं होतं असं, की थंडी सुरू होता होता शोभना गराजच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर खूश, हाड खूश, पण भूल उतरली तेव्हा शोभनाचं डोकं काही तिच्याबरोबर परत आलं नाही. या वयात मोठ्या ऑपरेशननंतर असा गोंधळ होतो, डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू उतरतो. मात्र खाणंपिणं सुटता कामा नये. वजन फार उतरलंय. पुढच्या तपासणीपर्यंत ते सावरलं नाही, तर घरी ठेवण्यात अर्थ नाही, नर्सिंग होममध्ये हलवावं लागेल. हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून रवींद्रराव रोज काट्यावरचा आकडा वहीत टिपत होते. शेजारच्या गल्लीतले एक काका असेच 'थोड्या दिवसांसाठी' गेले होते. त्यांचं घर आता विकलंसुद्धा गेलं.

शोभनाच्या हिशेबानं ती कुठल्यातरी गावातल्या खानावळीत उतरली होती. खानावळ भाऊंची. भाऊ स्वभावानं बरे, जरा बडबडे. तिचे 'हे' ऑफिसला गेलेत आणि संध्याकाळी तिला न्यायला येणार आहेत. दिवेलागणीला ती केस सारखे करून दाराकडे बघत बसायची. त्याच दारातून रवींद्रराव दूध घेऊन आत आले की मान डोलवून म्हणायची, "या भाऊ. आमचे हे दिसले का हो वाटेत?"

"बाबा, डोंट आर्ग्यू विथ हर," उर्वी फोनवर सांगायची. ही त्यांची मुलगी, लांब दुसऱ्या राज्यात कॅरीला असते. ऑपरेशनच्या वेळी येऊन राहून गेली होती आणि आता रोज व्हिडिओवर हजेरी लावत होती. "जस्ट गो विथ इट. ती भाऊ म्हणते तर भाऊ."

"तुला भाऊ म्हटलं असतं म्हणजे कळलं असतं," रवींद्रराव म्हणाले. उर्वी हसली नाही, आणि त्यांनाही नंतर वाटलं की आपण उगीच बोललो.

भाऊपणाचं त्यांनी कसंही निभावून नेलं असतं. खरी पंचाईत जेवणाची होती. शोभना जेवतच नव्हती. खिमट, उपमा, शिरा, दूधभात, सगळ्याला दोन घास आणि मग "पुरे". शेवटी रवींद्ररावांनी हुकमाचं पान काढलं. तांबडा रस्सा. जन्मानं ते कोल्हापूरचे, आणि त्यांच्या फ्रीजरमध्ये कांदा-लसूण चटणीची बरणी दागिन्यासारखी जपलेली असायची. कोल्हापूरहून येणारा प्रत्येक माणूस तिच्यात भर घालूनच पुढे जायचा. दर रविवारी शोभना त्या चटणीचा रस्सा करायची, असा की खाणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. आसपासच्या मराठी मंडळींत त्या रश्शाचं नाव होतं.

ह्या रश्शामागे रवींद्ररावांचा एक ठरलेला किस्साही होता. शोभना रेवदंड्याची. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला ते सासुरवाडीला गेले, तर सासूबाईंनी जावयासाठी नारळाच्या दुधातली कोंबडी केली. पिवळट, गोडसर, मिरची नावाला. रवींद्ररावांनी पहिला घास घेतला आणि भर पंगतीत विचारलं, "सासूबाई, कोंबडी आजारी होती का? पथ्याचं दिसतंय." सगळी पंगत हसली. "तेव्हापासून आमच्या हिनं जे तिखट धरलं, ते आजतागायत सोडलं नाही," असा किस्स्याचा शेवट होता. तोवर शोभना रश्शाची दुसरी वाढ घेऊन यायची, आणि पाहुणे तिच्याकडे बघून पुन्हा हसायचे. तीही हसायची. मग ती जेवायला बसायची आणि ताटात दह्याची मोठी वाटी घ्यायची. "दह्याशिवाय हिचा घास उतरत नाही," हे रवींद्ररावांचं ठरलेलं पुढचं वाक्य.

तर तो रस्सा त्यांनी स्वतःच्या हातानं केला. शिंका आल्या, डोळे चुरचुरले, पण रंग झकास उतरला. शोभनानं वाटीकडे बघितलं आणि ती हळूच म्हणाली, "हे त्यांच्यासाठी झाकून ठेवा, भाऊ. त्यांना आवडतं." आणि पाणी पिऊन निजली.

माझ्या हाताला तिची चव नाही, रवींद्ररावांनी मनाशी ठरवून टाकलं. दुसरं काय असणार?

शोभनाला सांभाळायला दिवसा एजन्सीतून तेस यायची. फिलिपिन्सची, पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणीठुसकी बाई. 'सर' म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात हुकूम सोडायची. "सर, बूट बाहेर. सर, मॅमच्या पाठीशी उशी. सर, तुम्ही मध्ये उभे आहात." रिकामा वेळ मिळाला की फोनवर बास्केटबॉलची मॅच लावायची आणि खेळाडूंना आपल्या भाषेत दटावायची. मराठी तिला अर्थातच ओ की ठो कळत नव्हतं. शोभना काहीही बोलली की ती हाक मारायची, "सर, मॅम काय म्हणतायत?" आणि रवींद्ररावांना दुभाष्या व्हावं लागायचं. "त्यांचं म्हणणं, त्यांचा नवरा अजून आला नाही," असं तिच्या नवऱ्यानं इंग्रजीत समजावून सांगायचं. एकदा सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळेना की आपण कोणाबद्दल बोलतोय.

एका दुपारी तेसनं आपला डबा गरम करून टेबलावर ठेवला आणि दाराची बेल वाजली म्हणून ती उठली. शोभना जवळच खुर्चीत होती. कुठलं तरी पार्सल होतं, सही करून तेस परत आली आणि ओरडलीच, "सर! सर, लवकर या!"

रवींद्रराव ताडकन उठले. पुन्हा पडली की काय? ते धावत आले, तर शोभना तेसचा डबा पुढ्यात ओढून जेवत होती. हातानं. भात कालवून, बोटं चाटून, शांतपणे. कोणी बघतंय याची तिला फिकीरच नव्हती.

"शी इज ईटिंग," तेस म्हणाली. तिला आपला डबा गेल्याचं काही नव्हतं, उलट डोळे पुसत होती.

रवींद्रराव मात्र नुसते बघत राहिले. पिवळा रस, त्यात कोंबडी, बटाट्याच्या फोडी, गाजर आणि ढोबळी मिरची. कोंबडीत गाजर? शोभनाला बाजूला नेल्यावर त्यांनी डब्याच्या तळाचा रस बोटानं चाखला. नारळाचं दूध, आलं-लसूण, कसलीशी फिकट पिवळी पूड आणि मागून माशाचा वास. तिखट म्हणाल तर शून्य. धुऊन वाळत घालावी अशी कोंबडी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चिकन करी, सर."

"करी?" रवींद्रराव म्हणाले. एवढ्या एका शब्दात त्यांनी अख्खं कोल्हापूर घातलं होतं, पण तेसपर्यंत ते पोचलं नाही.

"आमच्याकडे कोणी आजारी पडलं, रडून आलं, परीक्षेत नापास झालं की हीच करतात," ती म्हणाली. "मी उद्या मॅमसाठी जास्त आणते."

झालं. सुटला की प्रश्न! कोणताही शहाणा माणूस थँक यू म्हणून गप्प बसला असता. पण रवींद्ररावांना त्या दुपारी काही सुचेना. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या बाजूला काहीतरी टोचत होतं. माझ्या घरात, माझी बायको, माझ्या हातचं बाजूला सारते आणि परक्या डब्यातलं बोटं चाटून खाते? का? त्यात असं आहे तरी काय? सर्किटमध्ये कुठेतरी तार उलटी लागली होती आणि ती त्यांना दिसत नव्हती.

"तू नको आणूस," ते म्हणाले. "मला शिकव. मी करतो."

तेसनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ओके, सर. पण मी सांगते तसंच."

फिलिपिनो दुकानातून त्यांनी सामान आणलं. नारळाच्या दुधाचे डबे, करी पावडरची पुडी, आणि पाटिस नावाची माशाच्या पाण्याची बाटली. करी पावडर विकत घेताना त्यांना इतकी लाज वाटली, की काउंटरवर कोणी मराठी ओळखीचं नाही ना, हे त्यांनी वळून बघितलं. घरी येऊन बटाटे-गाजर तळून बाजूला काढले, कांदा, आलं, लसूण परतलं, कोंबडी टाकली. तेसला कशाचंच माप सांगता येईना. किती पाणी? "दिसेल तेवढं." किती वेळ? "वास बदलेपर्यंत." तिची आई तर म्हणे दर वेळी वेगळीच करायची. रवींद्ररावांना घाम फुटला.

पाटिसची बाटली उघडली आणि त्यांनी नाक मुरडलं. तेवढ्यात तेस शोभनाचं अंग पुसायला आत गेली. स्वयंपाकघरात ते एकटेच उरले, आणि शतकानुशतकांचं रक्त उसळून आलं. बाटलीला त्यांनी बूच लावलं. फ्रीजरमधून बरणी काढली. बिचारी किती दिवस आळणी खातेय, त्यांना वाटलं. तिच्या जिभेला काय चालतं हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत? त्यांनी चटणीचा एक चमचा घातला. मग तो एकटा वाटला म्हणून दुसरा घातला. पिवळा रस लाल झाला आणि रवींद्ररावांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

शोभनानं पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "छान झालंय हं, भाऊ." आणि जरा थांबून, अगदी ओशाळल्यासारखी, "थोडं दही मिळेल का?"

त्यांनी दही दिलं. तिनं दही-भात कालवला, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. रवींद्रराव त्या ताटाकडे बघत उभे राहिले. हे ताट आपण कुठेतरी पाहिलंय असं त्यांना वाटत होतं. लाल रस्सा जसाच्या तसा, दह्याची वाटी रिकामी. कुठे पाहिलं, ते मात्र आठवेना.

तेसनं पातेल्यातला रस चाखला आणि तिला असा ठसका लागला की शोभनाच दचकली. "सर! व्हॉट डिड यू डू?"

"तिला तिखट आवडतं," रवींद्रराव म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? मी पंचेचाळीस वर्षं बघतोय."

"बघताय," तेस पाणी पीत म्हणाली. "त्यांनी कधी सांगितलं का?"

रवींद्ररावांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. सांगायचं काय त्यात? अशा गोष्टी कोणी सांगतं का? करणारी तीच, वाढणारी तीच. पण मग त्यांना शोभनाच्या तोंडचं 'मला आवडतं' असं एखादं वाक्य आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, आणि तो काही जमेना. तुम्हाला आवडतं, पाहुण्यांना आवडतं, उर्वीला चालत नाही, एवढं सगळं तिच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी उर्वीला सहज विचारल्यासारखं विचारलं. "काय गं, आईला तिखट आवडतं ना?"

"आईला?" उर्वी विचारात पडली. "आय डोंट नो, बाबा. लहानपणी माझे पीसेस ती पाण्यात धुऊन द्यायची, आठवतं? आणि मग स्वतःसाठी पण एखादा धुवायची. आय थॉट, मला कंपनी म्हणून करते." मग ती जरा चाचरत म्हणाली, "का? काय झालं?"

"काही नाही," रवींद्रराव म्हणाले. पण ते धुतलेले तुकडे त्यांच्या डोक्यातून जाईनात. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, रश्शात भाकरी चुरत. त्यांना ह्यातलं काहीच कसं दिसलं नाही?

तपासणीची तारीख जवळ आली होती. वजन काट्यावर जेमतेम हलत होतं. आता मानापमानाला वेळ नव्हता. "उद्या पुन्हा करू," ते तेसला म्हणाले. "तू म्हणशील तसं." तेसनं सगळ्यात आधी चटणीची बरणी काढून आपल्या पर्समध्ये टाकली. मग स्टूल ओढून दारातच बसली, एक डोळा बास्केटबॉलवर आणि एक रवींद्ररावांवर. त्यांनी मुकाट्यानं सगळं केलं. पाटिस घातली, श्वास रोखून. करी पावडर घातली. दूध ओतलं. शेवटी ढोबळी मिरचीचे तुकडे आणि तळलेले बटाटे-गाजर. रस हळूहळू रटरटायला लागला आणि माशाचा वास कुठे गेला ते कळलंच नाही. त्या वाफेत उभे असताना एकाएकी रवींद्ररावांना रेवदंड्याची ती पंगत आठवली. किस्सा नव्हे, पंगत. सासूबाईंच्या हातातलं पितळी पातेलं. तेही असंच पिवळं होतं.

त्यांनी भातावर रस वाढला आणि ताट शोभनापुढे ठेवलं. दह्याची वाटीही ठेवली, सवयीनं.

शोभनानं वास घेतला. मग घास. मग दुसरा. तेसनं फोन उलटा ठेवला. शोभना खात होती, बटाटा मोडून, रस निपटून. अर्धं ताट झालं तेव्हा ती थांबली आणि भाऊंकडे बघून इतकं मनापासून हसली, की रवींद्ररावांना वाटलं, ओळखलं!

"अगदी आईच्या हातची," ती म्हणाली. "बसा ना, भाऊ. सारखे उभे असता."

ते बसले.

"आमच्याकडे मला हे करताच येत नाही," शोभना सांगायला लागली. आवाज खाली आणला होता, खानावळीतल्या इतरांना ऐकू जाऊ नये असा. "ह्यांना तिखट लागतं. जाळ! माझ्या तर पोटात आग पडते हो. पण करते. चवीपुरतं खाते, वर दही घेते."

"मग सांगत का नाहीस... सांगत का नाही तुम्ही त्यांना?" रवींद्ररावांनी विचारलं. आपल्याच बायकोला ते तुम्ही म्हणाले.

शोभनानं एक गाजर तोंडात टाकलं. "पहिल्या सणाला आले होते आमच्याकडे. आईनं दोन दिवस आधीपासून तयारी केली होती जावयासाठी. नारळ स्वतः खवले, कोणाला हात लावू दिला नाही. आणि हे हसले. भर पंगतीत. म्हणाले, कोंबडी आजारी होती का." तिनं बटाट्याची एक फोड मोडली. "आई पण हसली. मग आत जाऊन पदर तोंडाला लावून बसली होती. मी पाहिलं. म्हटलं, आपल्या घरी हा पदार्थ करायचाच नाही. पुन्हा कोणी हसायला नको."

रवींद्ररावांना काही दिसेना. चष्मा धुरकटला होता, वाफेनं म्हणा हवं तर. तो किस्सा त्यांनी किती जणांना सांगितला होता! कितीदा! तिच्यासमोर, तिनंच रांधलेला रस्सा चापत. दर वेळी शोभना दुसरी वाढ घेऊन बरोबर हसण्याच्या जागी यायची, आणि ते समजायचे की हिलाही हा किस्सा आवडतो.

"आमच्या ह्यांना सांगू नका हं, भाऊ," शोभना म्हणाली. "मनाला लावून घेतील. वाईट नाहीत ते. कळत नाही, एवढंच."

"सर?" तेस पुढे वाकली. "काय म्हणतायत मॅम? इतकं मोठं?"

रवींद्ररावांनी चष्मा पुसला. एकदा, दोनदा. "म्हणतेय की," ते म्हणाले, "छान झालंय."

वजन वाढलं. फार नाही, पण डॉक्टरांनी मान डोलावली आणि नर्सिंग होमचं नाव पुन्हा निघालं नाही. ती पिवळी कोंबडी घरात वरचेवर व्हायला लागली. आणि एका सकाळी रवींद्रराव चहा गाळत असताना आतून खणखणीत आवाज आला, "अहो, हीटर वाढवा जरा! काय गारठवून मारताय का?"

अहो! रवींद्ररावांनी चहा तसाच ओट्यावर ठेवला, हीटर वाढवला आणि त्याच्यापाशीच उभं राहून लहान मुलासारखे रडले. त्यानंतरही दोन-चारदा भाऊ परत आले, विशेषतः संध्याकाळी, पण हळूहळू त्यांनी आपली खानावळ कायमची बंद केली.

गोंधळ शोभनाचा मिटला, रवींद्ररावांचा वाढला. तिला ते दिवस आठवत नव्हते, निदान ती तसं म्हणायची. "मी काय वेडंवाकडं बोलले का हो?" असं तिनं एकदा विचारलं, आणि ते "छे छे" म्हणाले. माफी मागावी, तर ती कशाबद्दल, हे सांगावं लागणार. सांगावं, तर तिनं ज्यांना सांगू नका म्हणून बजावलं ते भाऊ चुगलखोर ठरणार. परक्या माणसावर विश्वासानं टाकलेली गोष्ट नवऱ्यानं ऐकली होती. आता ती नवऱ्याकडे होती की भाऊंकडे? रवींद्रराव ह्या कोड्यावर दिवसचे दिवस घुटमळले. उघडून बघण्यासारखं काहीच हाताला लागेना.

मग एका रविवारी शोभना वॉकर ढकलत स्वयंपाकघरात आली. पडल्यानंतर पहिल्यांदाच. ओट्याला टेकून उभी राहिली, तेसला खुर्ची लांब ठेवायला लावली आणि पदर खोचावा तशी स्वेटरची बाही वर केली.

"आज तांबडा रस्सा करते," ती म्हणाली. "माझ्या आजारपणात तुमचे फार हाल झाले. चटणी कुठाय?"

तेसनं बरणी केव्हाच परत केली होती. ती फ्रीजरमध्ये समोरच होती. शोभनानं फ्रीजर उघडून हात पुढे केला, आणि रवींद्रराव मध्ये आले.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"मला... तिखट सोसत नाही आता. पित्त होतं. पोटात आग पडते."

शोभना त्यांच्याकडे बघत राहिली. रवींद्रराव जन्मात कधी चांगलं खोटं बोलले नव्हते, आणि हे तर त्यांनी तिच्याच शब्दांत बोलून ठेवलं होतं, हे त्यांच्या तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाले... बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीत?" शोभना म्हणाली. "एवढी वर्षं एका घरात राहतो आपण. माणसानं सांगू नये?"

हाच तर प्रश्न रवींद्ररावांना तिला विचारायचा होता, त्या दिवसापासून. तो तिनंच आधी विचारला, आणि तो रागानं विचारला की थट्टेनं, की खरंच काही माहीत नसल्यामुळे, हे तिच्या चेहऱ्यावरून समजेना.

शोभनानं फ्रीजरचं दार लावलं. वरच्या फळीवरचा नारळाच्या दुधाचा डबा तिला दिसला. तो हातात घेऊन उलटसुलट करत ती म्हणाली, "हे कोणी का आणलं असेना, आणलंय. मग हेच करू या आज, तुमच्या पथ्याचं." 'पथ्याचं' म्हणताना ती किंचित थांबली, किंवा रवींद्ररावांनाच तसं वाटलं.

तिनं कोंबडी केली. तेसची नव्हे आणि भाऊंचीही नव्हे. गाजर घातलं नाही, पाटिसच्या बाटलीचा वास घेऊन ती ठेवून दिली, आणि शेवटी दोन आमसुलं टाकली. तेसला ते आवडलं नसावं, पण ती गप्प राहिली. तिघं जेवायला बसले. रवींद्ररावांनी सवयीनं शोभनाच्या ताटापाशी दह्याची वाटी ठेवली.

शोभनानं भात कालवला. पहिलं वाढलेलं संपवलं आणि पुन्हा रस घेतला. रविवारी कोंबडीच्या दिवशी तिनं स्वतःसाठी दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचं रवींद्रराव आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. दह्याला तिनं हातही लावला नव्हता. तिसऱ्या वेळी पळी पातेल्यात घालता घालता तिचं त्या वाटीकडे लक्ष गेलं.

"तुम्हाला पित्त आहे ना?" ती म्हणाली, आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली. "घ्या मग."

रवींद्ररावांना दही बिलकुल आवडत नाही. लहानपणापासून नाही. शोभना पळी हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी वाटी ओढली आणि सगळं दही खाल्लं.